तरंगणारी कांडी

खेड्यात वाढलेल्या मराठी माणसाला ही कांडी बहुधा पहिल्यांदा दूध डेअरीवर भेटते. खाली काचेचा फुगीर गोळा, त्यात छऱ्यांचं वजन, वर बारीक नळी आणि नळीच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. दुधात सोडली की क्षणभर डुलते आणि थांबते. गाईच्या चांगल्या दुधात 28 च्या आसपास, पाणी घातलेलं असेल तर जास्त बुडून त्याहून कमी आकड्यावर. तीच कांडी पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत आर्किमिडीजच्या तत्त्वाबरोबर येते आणि मग गॅरेजमध्ये, रबरी फुगा लावलेल्या नळीत बसून बॅटरीतलं अ‍ॅसिड तपासताना दिसते. उत्पादन शुल्काच्या कारभारातही ती आहेच. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के हा चमत्कारिक आकडा असतो, त्याचं मूळ बार्थॉलोम्यू साइक्स यांच्या हायड्रोमीटरमध्ये, म्हणजे अशाच कांडीत, आहे. 1816 साली ब्रिटिश कायद्याने तो स्वीकारला आणि त्या पद्धतीतले 75 प्रूफ म्हणजे हे 42.8 टक्के. दूध, अ‍ॅसिड, मद्य, काहीही असो, कांडीचं काम एकच: द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड किंवा हलका आहे ते सांगायचं, आणि कोणाची भीड न धरता सांगायचं.

घरी बीअर करणाऱ्याने पहिला पैसा या कांडीवर खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. चकचकीत स्टीलचं भांडं, तोटीचं पिंप, तांब्याच्या नळीचं वेटोळं हे सगळं नंतर. आधीच स्पष्ट केलेलं बरं, की हा सल्ला कायदा परवानगी देतो तिथल्या लोकांसाठी आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. ब्रिटनमध्ये घरच्या बीअरसाठी लागणारा परवाना 1963 साली रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्याने घरटी वर्षाला 200 गॅलनपर्यंत बीअर करमुक्त झाली. तिथे राहणाऱ्या मराठी घरांत कोणी हा छंद धरला, तर भांड्यांच्या दुकानातली पहिली खरेदी कोणती, हा प्रश्न खरा आहे.

बीअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी, हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळलेलं, निववलेलं आणि यीस्टच्या हवाली केलेलं. आपलं काम इथे संपतं आणि यीस्टचं सुरू होतं. पिंपाचं झाकण लागलं की आत काय चाललंय ते दिसत नाही. कांडी नेमकी इथे उपयोगी पडते. उकळलेला रस थंड झाल्यावर, यीस्ट घालण्याआधी, समजा ती 1.048 दाखवते. साध्या पाण्याचं माप 1.000, म्हणजे वरचे 48 अंक मुख्यतः साखरेचे. यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. रस हलका होतो आणि कांडी दिवसेंदिवस खोल बुडते. शेवटी 1.010 वर स्थिरावली, तर दोन्हींमधला फरक 0.038, त्याला 131.25 ने गुणलं की जवळजवळ 5 टक्के अल्कोहोल. एका वजाबाकीत आणि एका गुणाकारात बीअरची सगळी हकिकत येते.

पण अल्कोहोलचा टक्का हे या कांडीचं दुय्यम काम मानतो मी. मुख्य काम बाटली भरायच्या दिवशीचं. बीअरला फेस यावा म्हणून बाटलीत थोडी साखर घालतात, लिटरमागे 6-7 ग्रॅम. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू कोंडला जातो आणि बीअरच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू तिच्यात मुरतो. आता समजा आंबणं 1.010 ला संपणार होतं आणि तुम्ही घाई करून 1.014 ला बाटल्या भरल्या. राहिलेल्या प्रत्येक अंकामागे साधारण अर्धा पट वायू आणखी तयार होतो. चार अंक म्हणजे आणखी दोन पट, म्हणजे एकूण वायू जवळपास दुप्पट. बाटली इतक्या दाबासाठी केलेली नसते. ती रात्री कपाटात फुटते किंवा, त्याहून वाईट, कोणी हातात धरलेली असताना फुटते. चार अंकांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, नवशिक्याच्या जिभेलाही कळत नाही. म्हणून नियम असा: दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि आकडा जागचा हलला नाही, तरच बाटल्या धुवायला घ्यायच्या. तोही अपेक्षित जागी थांबलेला हवा. 1.020 वर अडकलेलं आंबणं पुन्हा जागं होऊ शकतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. आपल्याकडे दह्याला, इडलीच्या पिठाला कोण माप लावतं? हाताला कळतं, नाकाला कळतं. जगभर बायकांनी हजारो वर्षं बीअर केली ती कांडीशिवायच. हे खरं आहे आणि त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इडलीचं पीठ फुगलं तर फार तर पातेल्याबाहेर येतं. त्याच्यावर कोणी पत्र्याचं बूच ठोकून ते तीन आठवडे ठेवत नाही. शिवाय अनुभवी हातसुद्धा कशाला फसतात, याचा पुरावा इतिहासातच आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोर्टर ही काळी बीअर खरपूस भाजलेल्या तपकिरी माल्टपासून होत असे. हे माल्ट स्वस्त, म्हणून त्यातच फायदा, असं पिढीजात बीअरवाले मानत. ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉक यांनी 1770 च्या सुमारास हायड्रोमीटर वापरायला सुरुवात केली, आणि हलच्या जॉन रिचर्डसन यांनी 1784 साली बीअरच्या रसासाठी त्याचं माप बसवून त्यावर पुस्तकच लिहिलं. रस मोजला तेव्हा कळलं, की महागड्या फिकट माल्टमधून साखर इतकी जास्त निघते, की स्वस्त माल्टच महाग पडतं. हळूहळू सगळे फिकट माल्टकडे वळले. मग रंग कुठून आणायचा हा पेच पडला, आणि 1817 साली डॅनियल व्हीलर यांनी काळं माल्ट भाजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. स्टाउटचा कोळशासारखा रंग पुढे त्या काळ्या माल्टमधून आला. त्या लोकांची जीभ तल्लख होती यात शंका नाही. प्रश्न जिभेच्या आवाक्यातलाच नव्हता.

दुसरा आक्षेप बुडबुड्यांचा. पिंपाच्या झाकणात पाण्याची छोटी नळी असते, तिच्यातून वायू बुडबुड करत जातो. बुडबुडे थांबले की आंबणं संपलं, असं पुष्कळजण धरून चालतात. झाकण किंचित सैल असेल तर वायू कडेने निघून जातो आणि आंबणं ऐन जोरात असताना नळी मुकी राहते. उलट खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि संपलेल्या बीअरमध्येही बुडबुडे येतात. पाकिटावर छापलेले दिवसही असेच. यीस्टला कॅलेंडर माहीत नसतं, त्याला तापमान माहीत असतं. तिसरा आक्षेप जरा वजनदार: प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोनच थेंब पुरतात, मग शंभर मिलिलिटर बीअर कशाला घालवायची? उकळण्याच्या दिवशी ते उपकरण फार सोयीचं आहे, जरूर वापरावं. पण एकदा अल्कोहोल तयार झाला की प्रकाशाचं वक्रीभवन बदलतं आणि आकडा चुकतो. दुरुस्तीची सूत्रं आहेत, तीही अंदाजाचीच. आणि वीस लिटरमधून तीन वेळा शंभर मिलिलिटर म्हणजे दीड टक्का. तो नमुना पिंपात परत ओतू नये, जंतू जातात, प्यावा. कच्ची बीअर दर आठवड्याला कशी बदलते हे त्या पेल्यातूनच शिकायला मिळतं.

मोजताना थोडी निगुती लागते. कांडी बहुधा 20 अंश सेल्सिअसला जुळवलेली असते. 40 अंशांच्या रसात ती 6-7 अंक कमी दाखवते आणि कढत रसात काच तडकण्याची भीती. म्हणून नमुना निववून घ्यावा. आंबणाऱ्या रसातले बुडबुडे काचेला चिकटून कांडी वर उचलतात आणि आकडा खोटा चढतो. नमुना दोन पेल्यांत चार-सहा वेळा इकडून तिकडे ओतावा, कांडी दोन बोटांनी गरकन फिरवून सोडावी आणि डोळा पातळीवर आणून रसाच्या कडेला नव्हे, मधल्या खोलगट रेषेला वाचावं.

कांडी जंतू मारत नाही, हे मान्यच. स्वच्छ धुतलेलं आणि निर्जंतुक केलेलं पिंप, आणि एल प्रकारच्या बीअरसाठी 18 ते 20 अंशांत राहणारा कोपरा, यांवाचून चांगली बीअर होत नाही. पण या दोन्हींत चूक झाली तर ते सांगणारी हीच. खोली गार पडून यीस्ट झोपलं, तर आकडा वरच अडकतो. रानटी यीस्ट शिरलं, तर 1.010 ला थांबायला हवं ते 1.004 च्याही खाली घसरत जातं. ही काच नाजूक असते, ओट्यावरून हमखास घरंगळते. जमलं तर दोन घ्याव्यात. आणि आणल्यावर बीअरच्या आधी ती 20 अंशांच्या साध्या पाण्यात सोडा. आतली कागदी पट्टी कधी कधी सरकलेली असते; 1.000 ऐवजी 1.002 दिसलं, तर वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वेळी दोन अंक वजा करा.