सांधा आणि लाट : चाहत्यांच्या ‘एडिट’चे शास्त्र

चित्रपटातील किंवा मालिकेतील तयार दृश्ये घेऊन, ती नव्या क्रमाने लावून आणि त्यांखाली दुसरेच संगीत घालून चाहते जी काही सेकंदांची चित्रफीत तयार करतात, तिला हल्ली सर्रास ‘एडिट’ म्हणतात. आणि ती एका रात्रीत लाखोंच्या मोबाइलवर जावी, म्हणजेच ‘व्हायरल’ व्हावी, या आशेने भोपाळसारख्या शहरातही स्पर्धापरीक्षेच्या चिकाटीने मान मोडून बसणारी तरुण मुले आहेत. दिवाळी अंकाच्या संपादकांना अशा विषयावर सहसा व्हायरल होण्याची युक्ती सांगणारा लेख हवा असतो. तशी युक्ती नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे, कारण संकलकाच्या हाती सांधा असतो, लाट नसते.

सांध्याचे सामर्थ्य समजून घेण्यास भोपाळच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. एप्रिल २०२० मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेली ‘पंचायत’ ही हिंदी मालिका उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावाची गोष्ट सांगते. प्रत्यक्षात तिचे चित्रीकरण भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यातील महोडिया गावात झाले. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शतकापूर्वीच असे प्रतिपादन केले होते की, वेगवेगळ्या ठिकाणची दृश्ये जोडून पडद्यावर अस्तित्वात नसलेले स्थळ उभे करता येते, आणि एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी कधी सूपाची थाळी तर कधी शवपेटी लावली, तर प्रेक्षक त्या चेहऱ्यावर आपणहून भूक किंवा शोक वाचतो. चाहत्याचा एडिट याच तत्त्वावर उभा असतो. मालिकेतील सचिव अभिषेक आणि प्रधानांची मुलगी रिंकी यांची जवळीक इतकी संथ आहे की, पहिल्या पर्वात ती शेवटच्या प्रसंगी, पाण्याच्या टाकीवर, जेमतेम सुरू होते. पण कागदपत्रांवरून मान वर करणाऱ्या सचिवाची नजर एका भागातून उचलली आणि रिंकीचे हसू दुसऱ्याच पर्वातून आणून तिला जोडले, तर दिग्दर्शकाने कधीच न घेतलेली भेट पडद्यावर घडते.

हा सांधा संगीताच्या ठोक्यावर बसवणे, म्हणजे ‘बीटवर कट’ घेणे, हे या कामातील खरे कौशल्य असून बाहेरच्या माणसाला ते केवळ ॲपमधील बटण वाटते. गाण्याचा वेग मिनिटाला १४० ठोक्यांचा आणि चित्रफीत सेकंदाला ३० चौकटींची, म्हणजे फ्रेम्सची, असेल, तर एका ठोक्याच्या वाट्याला सुमारे १२.८६ चौकटी येतात, आणि चौकट अर्धी कापता येत नसल्यामुळे नवखा संकलक दर १३ चौकटींवर कट घेत जातो. परिणामी २८ ठोक्यांनंतर, म्हणजे अवघ्या बारा सेकंदांत, कट चार चौकटी मागे पडतो आणि तबलजीच्या भाषेत सम चुकते. यावर उपाय म्हणजे ध्वनीचा आलेख वाचून प्रत्येक ठोक्यावर खूण करणे आणि काही तुकडे १३, तर अधूनमधून एखादा १२ चौकटींचा ठेवणे. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने तो ३० मध्ये बसवताना दर चार चौकटींमागे एक चौकट दोनदा दिसते आणि चाल अडखळते, ही अडचण आणखी वेगळी. पण येथे तपशील आवरता घेणे इष्ट.

लाटेविषयीचे गैरसमज मात्र आवरत नाहीत. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले, तेव्हापासून ‘अल्गोरिदम’ हे जणू ग्रामदैवत झाले असून, अमुक वेळी पोस्ट टाकावी आणि भरपूर हॅशटॅग वाहावेत, असे त्याचे नवस सांगितले जातात. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये पाहण्याचा अवधी, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणे हे तीन निकष महत्त्वाचे असल्याचे सांगितले, आणि अनोळखी प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यात तिसऱ्याचे वजन अधिक असते. कोणी कोणाला काय पाठवावे, हे संकलकाला ठरवता येत नाही.

सर्वांत हट्टी गैरसमज कायद्याचा आहे, आणि त्यावर थोडे अधिक लिहिणे अपरिहार्य ठरते. एडिटखाली ‘क्रेडिट टू ओनर’ असे लिहिले की दोष उरत नाही, अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातील ‘फेअर यूज’ तत्त्वात, मूळ कृतीला नवा अर्थ दिला काय, याचा विचार होऊ शकतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मात्र ‘फेअर डीलिंग’, म्हणजे रास्त वापर, खासगी उपयोग व संशोधन, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त एवढ्या ठरावीक हेतूंपुरताच मान्य करते. प्रेमाने केलेली जोडणी यांपैकी कशात बसते? स्तुती ही समीक्षाच होय, असा युक्तिवाद करता येतो, परंतु तो न्यायाधीशापुढे करणे वेगळे आणि मित्रांपुढे करणे वेगळे. शिवाय चित्रपट, ध्वनिमुद्रण, गीत आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असतात, त्यामुळे ॲपच्या संग्रहातील गाणे वापरले तरी चित्राचा प्रश्न शिल्लकच राहतो. तरीही एडिटला सरसकट चोरी म्हणणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही, कारण चोरीत वस्तू तीच राहते, येथे अर्थ बदलतो.

आणि लाट आलीच, तर ती कोणाला वर नेते? ‘पंचायत’च्या पहिल्या पर्वात चाकांच्या खुर्चीवरून रुसलेल्या नवरदेवाची छोटी भूमिका आसिफ खान यांनी केली; अपमानाबद्दलचे त्यांचे एक वाक्य देशभर मीम बनून फिरले, आणि नंतरच्या पर्वात ते पात्र परतले. दुसऱ्या पर्वात बिनोद या पात्राला उद्देशून काढलेल्या उद्गाराने दुर्गेश कुमार आणि अशोक पाठक या अभिनेत्यांचे चेहरे असेच घरोघरी पोहोचवले. ही कीर्ती योग्यच होती. परंतु ते तुकडे कापून, जोडून पसरवणाऱ्या हातांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, आणि त्यांनी कोपऱ्यात घातलेला वॉटरमार्क, म्हणजे नाममुद्रा, पुढचा माणूस सहज कातरून टाकतो. दुसऱ्याच्या चित्रावर आपले नाव घालणाऱ्याने आपले नाव पुसले गेल्याची तक्रार करावी, यातील विसंगती नाकारता येत नाही, पण तिच्यामुळे खंत कमी होत नाही.

बाराव्या चौकटीवर कापावे की तेराव्या, हे प्रेक्षक कधीच मोजणार नाही. त्याला फक्त काहीतरी जमले किंवा हुकले, एवढेच जाणवेल. तो प्रश्न स्वतःला विचारणाऱ्यास संकलक म्हणावे, त्याचा एडिट चाळीस जणांनी पाहो वा चाळीस लाखांनी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चाळीसवर अडकलेल्या आकड्याकडे पाहत बसलेल्या मुलाला ते पटेल, याची हमी मात्र देववत नाही.