संकष्टीच्या चंद्राआधी

धूमकेतू बघायला निघायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं. २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सूर्याला वळसा घालून संध्याकाळच्या आकाशात आला तो नेमका दसऱ्याला. १२ ऑक्टोबरच्या त्या दिवशी तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, सुमारे सात कोटी किलोमीटरवर. पुढे चारच दिवसांनी कोजागिरी. धूमकेतू रोज थोडा थोडा क्षितिजाच्या वर येत होता आणि तिकडे चंद्रही भरत चालला होता. त्यात पुण्यावर परतीच्या पावसाचे ढग ठाण मांडून बसलेले.

"मामा, आत्ताच जाऊ या, तो रोज मंद होत जाणार," असं भाचा रोज फोनवर सांगत होता. त्याचं म्हणणं खरंच होतं. पण माझं मत वेगळं होतं आणि अजूनही आहे. चांदण्याने उजळलेल्या आकाशातल्या तेजस्वी धूमकेतूपेक्षा काळ्याभोर आकाशातला थोडा उतरणीला लागलेला धूमकेतू जास्त दिसतो. पौर्णिमा उलटली की चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो. २० ऑक्टोबरला रविवार होता आणि संकष्टी. कॅलेंडरावर चंद्रोदय साडेआठच्या सुमाराचा. सूर्य सव्वासहाच्या आत मावळणार, संधिप्रकाश पुरता विरायला सव्वासात. म्हणजे निखळ काळोख मिळणार तो सव्वा तास. तेवढ्यासाठी आम्ही रायरेश्वर गाठायचं ठरवलं.

रायरेश्वरच का, तर तिथे पश्चिम मोकळी आहे. पुण्याचा उजेड उत्तरेला राहतो, वाई-पाचगणीचा पूर्वेकडे, आणि मावळतीच्या बाजूला डोंगररांगा उतरत जातात त्या थेट कोकणात. पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे खालच्या हवेतला धुरळाही बराचसा खालीच. शिवाय वर वस्ती आहे. शिवालयाची पूजाअर्चा पाहणारी जंगम मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात, पाहुण्याला भाकरी आणि अंथरूण मिळतं.

दुपारी कापूरहोळहून भोरच्या रस्त्याला लागलो. भोर, आंबवडे, मग कोर्ल्याकडे जाणारा अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालेलं, पण आदल्या पावसाने जागोजागी आडवं पडलेलं. एका खाचरात नवराबायको वाकून ओलं भात उचलून पेंढ्या बांधत होते, मान वर करून आभाळाकडे बघत होते आणि पुन्हा वाकत होते. आभाळ मोकळं व्हावं असं त्या दिवशी आम्हालाही वाटत होतं. पण त्यांच्या वाटण्यात वर्षाचं पोट होतं.

खिंडीत गाडी लावून चढायला लागलो तेव्हा चार वाजले होते. लोखंडी शिडीच्या पायऱ्या ओल्या होत्या. पाठीवर तिपाई, गळ्यात १० बाय ५०ची द्विनेत्री दुर्बीण. धूमकेतूसाठी मोठी दुर्बीण मी कधीच सुचवणार नाही. तिच्यातून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि शेपूट त्याच्या बाहेर राहून जाते. साधी द्विनेत्री एका नजरेत पाच-सहा अंश आकाश दाखवते, तेच इथे कामाचं. शिडी संपून पठारावर पाय ठेवला आणि सर आली. घरापर्यंत पोचेस्तोवर दोघेही चिंब.

ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंचा उपास होता. चुलीशेजारी टोपलीत नारळ, गूळ, तांदळाची पिठी असं मोदकांचं साहित्य काढून ठेवलेलं. "आवं, असल्या ढगात चंद्र तरी दिसतुया का," त्या म्हणाल्या. त्यांना चंद्र हवा होता, मला तो जितका उशिरा येईल तितका बरा. मी तसं सांगितल्यावर त्या हसल्या. "मग आपलं दोघांचंबी होऊ द्या. आधी तुमचं, मग माझं."

ओसरीवर त्यांचे सासरे बसले होते. धूमकेतू म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, मग म्हणाले, "शेंडेनक्षत्र म्हणा की. म्या बघितलंय. लढाई झाली त्या सालाला. दिवाळी सरताना, भल्या पहाटे, उगवतीला. गोठ्यातनं भाईर आलो तर ही अशी केरसुणी उभी." आणि त्यांनी हात कोपरापासून तिरका वर धरला.

मला काटा आला. १९६५. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई, आणि त्याच महिन्यात इकेया आणि सेकी या दोन जपानी हौशी निरीक्षकांनी शोधलेला धूमकेतू. २१ ऑक्टोबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरवरून गेला, चंद्र आपल्यापासून जितका दूर आहे त्याहून थोडंसंच जास्त अंतर. तिथून जिवंत निसटला आणि महिनाअखेरीस पहाटेच्या पूर्व आकाशात लांबलचक शेपूट घेऊन उभा राहिला. विसाव्या शतकातल्या सर्वांत तेजस्वी धूमकेतूंमध्ये त्याची गणना होते. पुस्तकात वाचलेला तो धूमकेतू बघितलेला माणूस माझ्यासमोर कांबळं पांघरून बसला होता. त्याला धूमकेतूचं नाव ठाऊक नव्हतं, पण दिशा, वेळ आणि तिरपेपणा साठ वर्षांनी अचूक ठाऊक होता.

"लोक म्हनायचे, राजाला वाईट," आजोबा म्हणाले. "आन् पुढं शास्त्रीजी गेलेच की."

हे फार जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंवर एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात कोणत्या केतूचं काय फळ हेच प्रामुख्याने सांगितलंय. मी आजोबांशी वाद घातला नाही, पण एक गोष्ट सांगितली. ज्या शिवरायांनी याच रायरेश्वरावर स्वराज्याची शपथ घेतली असं आपण मानतो, ते महाराज एप्रिल १६८० मध्ये गेले. त्या वर्षी एक प्रचंड धूमकेतू आला खरा, पण जर्मनीत गॉटफ्रीड किर्चला तो दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसला नोव्हेंबरात. डिसेंबर-जानेवारीत त्याची शेपूट साऱ्या जगाने पाहिली, या डोंगरांतल्या माणसांनीही पाहिली असणारच. राजा आधी गेला होता आणि धूमकेतू सात महिन्यांनी आला. तिकडे न्यूटनने त्याच धूमकेतूची निरीक्षणं घेऊन तो सूर्याच्या ओढीने कसा वळला याचं गणित मांडलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी त्यो आपल्या वाटंनं जातो म्हना," एवढंच म्हणाले. गणिताचा सारांश याहून नेमका मला तरी सांगता येणार नाही.

साडेसहाला पाऊस थांबला. कोकणाच्या अंगाला विजा चमकत होत्या, पण आवाज येत नव्हता, म्हणजे ढग लांब सरकले होते. सातच्या सुमारास नैऋत्येला ढगांची कड फाटली आणि शुक्र बाहेर आला.

आता प्रश्न होता दिव्याचा. प्रत्येक ओसरीवर एक एक पांढरा बल्ब. तेवढा उजेडही डोळ्यांची अंधाराची सवय मोडायला पुरे. काकूंना विचारलं तर त्या थबकल्या. "तिन्हीसांजंला दिवा मालवायचा व्हय?" मी गप्प बसलो. लक्ष्मी यायच्या वेळेला कुणाच्या घरात अंधार कर म्हणणं मलाही जड जात होतं. मग त्यांनीच तोड काढली. देवापाशी समई लावली, वात वर सारली, दार ओढून घेतलं आणि बाहेरचा बल्ब बंद केला. शेजारच्या घरी जाऊन तिथलाही करायला लावला. देवाचा दिवा आत तेवत राहिला आणि पठारावर काळोख झाला.

घरामागच्या कातळावर आम्ही उभे राहिलो. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं द्यावी लागतात, या वेळात मोबाइल उघडायचा नाही. भाच्याने तो आत ठेवून दिला होता. हळूहळू आकाशगंगा उमटली, धनूपासून डोक्यावरच्या श्रवणापर्यंत. शुक्र वृश्चिकेत, ज्येष्ठेच्या उजव्या हाताला. त्याच्यापासून उजवीकडे वर, हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींवर, भुजंगधारी तारकासमूहात धूमकेतू असायला हवा होता. तिथे ढगाचा एक पातळ पदर होता. पदर सरकायला दहा मिनिटं लागली असतील. मग भाच्याने माझा दंड धरला. "मामा, ते?"

तेच. आधी एक पुसट ठिपका, ताऱ्यासारखा टोकदार नसलेला. मग नजर थोडी बाजूला वळवली आणि शेपूट दिसली, जवळजवळ सरळ वर गेलेली, मुठीएवढी लांब. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात मध्यभागी नसतात, कडेला असतात, म्हणून अशा गोष्टीकडे रोखून बघितलं तर ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिलं तर पुन्हा येते. द्विनेत्रीतून मात्र शंका राहिली नाही. डोकं दाट, पिवळसर पांढरं. वर रुंदावत गेलेली शेपूट, तिची एक कड ठळक, दुसरी आकाशात कुठे मिसळते ते सांगता न येणारी. तिच्यातून मागचे तारे स्वच्छ दिसत होते. लाखो किलोमीटर लांबीची ती धूळ, पण एवढी विरळ की ताऱ्याचा उजेडही अडत नाही.

हे सगळं धूळ आणि बर्फाच्या काही किलोमीटरांच्या एका गोळ्यातून निघालेलं. सूर्यकुलाच्या पार कडेला, ऊर्टच्या मेघात, तो गोठून पडला होता. तिथून सुटून आत यायला त्याला लाखो वर्षं लागली. आपल्याला त्याचा पत्ता लागला जानेवारी २०२३ मध्ये, चीनमधल्या पर्पल माउंटन, म्हणजेच त्सुचिनशान, वेधशाळेत, आणि पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने त्याला स्वतंत्रपणे टिपलं. म्हणून हे जोडनाव. जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना या धूमकेतूंच्या जुन्याजाणत्या अभ्यासकाने तो सूर्याशी पोचण्याआधीच विखरून जाईल असं भाकीत केलं होतं. तो विखुरला नाही. २७ सप्टेंबरला सूर्यापासून सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख किलोमीटरवरून, सेकंदाला सदुसष्टेक किलोमीटर वेगाने तो वळला. वर्तमानपत्रांनी 'ऐंशी हजार वर्षांनी आलेला पाहुणा' असा मथळा दिला, पण तो आकडा फारसा धरून चालू नये. त्याची कक्षा आता इतकी उघडी झाली आहे की तो बहुधा परत यायचाच नाही.

भाच्याने काही फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेपूट दुप्पट लांब, डोकं झळझळीत. आठ सेकंद उजेड साठवल्यावर तसं दिसणारच. फोटोबद्दल माझी तक्रार नाही, पण तो बघून गेलेला माणूस आकाशाकडे पाहतो आणि म्हणतो, "एवढंसंच?" म्हणून मी त्याला कॅमेरा थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगितला. तो ठेवून कातळावर उताणा पडला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

काकू आल्या, दुर्बीण डोळ्याला लावली. त्यांना आधी काहीच सापडेना, मग मी खांदे धरून दिशा दिली. "अगं बया," म्हणाल्या, आणि दुर्बीण न काढता सासऱ्यांना हाक मारली. आजोबांचा मोतीबिंदू काढलेला. त्यांनी दुर्बीण नाकारली, नुसत्या डोळ्यांनी शोधलं, दिसेना, मग दुर्बिणीतून पाहिलं. "हाय," म्हणाले. "पर त्यो लई मोठा होता." आणि ते खरंच आहे, इकेया-सेकी याहून कितीतरी मोठा होता.

साडेआठनंतर पूर्वेला केंजळगडाच्या अंगाने ढगांच्या कडा उजळल्या. चंद्र वर आला तशी शेपूट वरून खाली पुसत गेली, दहा मिनिटांत फक्त डोकं उरलं, तेही दुर्बिणीतून. काकूंनी ओसरीचा बल्ब लावला, चंद्राला अक्षता वाहिल्या, आरती झाली आणि गरम मोदकांवर तुपाची धार पडली.

तेव्हा आणखी एक धूमकेतू चर्चेत होता, सप्टेंबरअखेरीस हवाईतून सापडलेला. तो दिवाळीत दिसेल अशी आशा होती. आम्ही गडावरून उतरताना त्याचेच बेत करत होतो. २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, तो सूर्यापाशी फुटून संपला. धूमकेतूंचं असं असतं, म्हणून बेत पुढे ढकलू नयेत. हॅलेचा धूमकेतू २०६१ मध्ये येणार हे निश्चित आहे, बाकीच्या बहुतेकांची बातमी फार तर दोनेक वर्षं आधी मिळते आणि बघण्याजोगे दिवस जेमतेम दोन आठवडे. पुढची बातमी आली की कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघा, एक द्विनेत्री मागून आणा, घरातल्या लहान मुलाला बरोबर घ्या आणि गावाच्या उजेडाबाहेर जा. आणि जिथे उतराल तिथल्या म्हाताऱ्या माणसाला, त्याने कधी शेंडेनक्षत्र पाहिलंय का, हे जरूर विचारा. १९६५ चा धूमकेतू ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.