खाईन तर तुपाशी...

आमच्या घरात दोन बरण्या होत्या. तेलाची बरणी आईच्या ताब्यात आणि तुपाची आजीच्या. ओट्यावरच्या बरणीला आजी हात लावीत नसे आणि कपाटातल्या बरणीकडे आई बघत नसे. सासू-सुनेच्या या सरहद्दीवर पंचवीस वर्षे शांतता नांदली. ती भंगली ऑगस्ट २०२२ मध्ये. त्या महिन्यात एका पहाटे बाबांच्या छातीत दुखू लागले आणि आम्ही त्यांना बार्शीहून सोलापूरला नेले.

हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा होता. तिथे जाळी बसवली आणि बाबा वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन वाक्ये सांगितली, “तेल-तूप कमी करा. तंबाखू बंद करा. रोज चालत जा.” वाक्ये तीन होती, आमच्या घराने त्यांतले पहिलेच ऐकले. आणि तेही ऐकताना ‘कमी’चे ‘बंद’ केले!

बाबा घरी आले त्याच संध्याकाळी आईने तुपाची बरणी धुऊन पालथी घातली. तेलाचा डबा शेजारच्या काकूंना देऊन टाकला. म्हशीच्या दुधाऐवजी साय काढलेले पिशवीचे दूध येऊ लागले. त्यामुळे विरजण, लोणी, कढवणे हा आजीचा आठवड्याचा सोहळाच संपला. शेंगदाण्यात तेल असते म्हणून शेंगाची चटणी बंद झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या घरात शेंगाची चटणी नाही म्हणजे देव्हाऱ्यात देव नाही! पण आईचा निश्चय पक्का होता. कोरड्या कढईत तिने फोडणी करून पाहिली. मोहरी तडतडली नाही, नुसती करपली. ती करपलेली मोहरी आम्ही आठ महिने खाल्ली.

आईला मी दोष देत नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्रभर बसलेल्या बाईला कोणीतरी शत्रू हवा असतो. तिला तो स्वयंपाकघरात सापडला, कारण स्वयंपाकघरापलीकडे तिची सत्ता चालत नव्हती.

गल्लीत आईचे कौतुक झाले. “तेलाचा थेंब नाही हो त्यांच्या घरात!” असे बायका एकमेकींना सांगू लागल्या. त्याच वेळी मोबाईलवर उलटे निरोप येत होते. साजूक तूप हे अमृत आहे, हृदयाला तेच हवे, डॉक्टर खोटे बोलतात, असे कोणीतरी रोज सकाळी पाठवी. ते मी आजीला वाचून दाखवी आणि आजी विजयी मुद्रेने आईकडे बघे. मला गंमत वाटायची. घरात एक आग लागली आहे आणि मी तिच्यात काड्या टाकते आहे, हे मला कळले नाही.

या सगळ्यात आजी काय खात होती, इकडे कोणाचेच लक्ष नव्हते. आजीला दात नव्हते. ज्वारीची भाकरी ताटात कुस्करायची, तिच्यावर गरम दूध आणि तुपाची एक पळी घालायची, की आजीचे जेवण झाले. ती पळी पितळेची होती, बोटाच्या पेराएवढी. तूप गेले, दुधातली साय गेली आणि भाकरी तेवढी राहिली. आजी म्हणे, “घशाखाली उतरत न्हाई गं, पोरी.” मग अर्धीच भाकरी कुस्करी. मग चतकोर.

एके दिवशी जेवता जेवता ती आईला म्हणाली, “नामदेवानं भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याला सुदीक कोरडी खाऊ दिली न्हाई. तुपाची वाटी घिऊन त्याच्या मागं पळाला त्यो.”

आई काहीच बोलली नाही. ताट उचलून मोरीवर गेली आणि बराच वेळ भांडी घाशीत राहिली.

मार्च २०२३ मध्ये आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी चक्कर येऊन पडली. हाड मोडले नाही, हे नशीब. दवाखान्यात वजन केले तेव्हा ते ३९ किलो भरले. वर्षापूर्वी ४६ होते. डॉक्टरांनी आम्हाला तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी आधी आजीला विचारले, “आजी, काल काय काय खाल्लंत?” आजीने सांगितले. सांगून संपायला एक मिनिटही लागले नाही. मग बाईंनी आईकडे बघितले आणि शांतपणे विचारले, “आजारी कोण होतं?”

“हे,” आई बाबांकडे बोट दाखवून म्हणाली.

“मग पथ्य आजींना का?”

त्यानंतरचा अर्धा तास मी कोणत्याही वर्गात इतकी लक्ष देऊन बसले नसेन. बाई पुस्तकी बोलत नव्हत्या, स्वयंपाकघरातले बोलत होत्या. त्या म्हणाल्या, एक ग्रॅम पिठातून किंवा साखरेतून शरीराला चार उष्मांक मिळतात, डाळीतल्या प्रथिनातूनही चारच. पण एक ग्रॅम तेला-तुपातून नऊ. म्हणून तरुण, बसून काम करणाऱ्या माणसाला तेल चटकन जास्त होते. आणि म्हणूनच ज्याला चार घासच जातात त्या म्हाताऱ्या माणसाला चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचे कूट मोलाचे असते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांबरोबरच अंगी लागतात. कोरड्या भाजीतले कितीतरी सत्त्व अंगी न लागताच निघून जाते.

आईने धीर करून विचारले, “मग यांना तूप घालायचं का?”

“रोज वाटीभर नाही,” बाई म्हणाल्या. “तुपात निम्म्याहून अधिक भाग संपृक्त स्निग्धाचा असतो. खोबरेल तेलात तर दहात नऊ भाग. थंडीत घट्ट होतं ते बहुतेक या जातीचं. ते जास्त झालं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांच्या तेलात हा भाग कमी आणि असंपृक्त भाग जास्त. तुपाच्या जागी ही तेलं बेतानं वापरली तर हृदयाचं भलं होतं. पण तूप काढून त्या जागी साखर आणि मैदा भरला, तर काहीच साधत नाही.”

इथे मी आणि आईने एकमेकींकडे पाहिले. कारण बाबांनी नेमके तेच केले होते. भाजी बेचव म्हणून ते भात दुप्पट खात. दोन वेळा चहा, चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर. कढईत तेल नाही म्हणून आमचे घर तेलमुक्त, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात आईने पुढच्या दाराने घालवलेले तेल मागच्या दाराने खारीच्या पुड्यातून येतच होते. त्या पुड्यावर बारीक अक्षरांत वनस्पती आणि पामतेल असे छापलेले होते. ते आम्ही कधी वाचलेच नव्हते.

वनस्पती म्हणजे आजीच्या भाषेत डालडा. १९३७ साली हे नाव बाजारात आले आणि घरोघरी असे रुजले, की ताडाचे चित्र असलेला रिकामा डबा तुळस लावायलाही वापरला गेला. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते तुपासारखे थिजते. पण या खटाटोपात ‘ट्रान्स’ नावाचे एक विकृत स्निग्ध तयार होते. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते, म्हणजे दोन्हीकडून मार. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत या ट्रान्सचे प्रमाण दोन टक्क्यांहून जास्त असू नये, असा नियम आहे. ही चांगलीच गोष्ट. पण पामतेलातही निम्मा भाग संपृक्तच असतो. आणि कॉलेजसमोरच्या गाड्यावर त्याच त्या काळ्या तेलात तळलेल्या वड्याबद्दल काय बोलावे? तो वडा मी रोज खात होते, आणि घरी येऊन आजीला तुपावरून आलेले निरोप वाचून दाखवीत होते!

शेवटी बाईंनी बाबांना विचारले, “तंबाखू?”

बाबा खिडकीतून बाहेर बघू लागले. आई पदराशी चाळा करू लागली. तेव्हा खुर्चीत बसलेली आजी बोलली, “माझ्या तुपावर समद्यांचा डोळा. त्याच्या पुडीवर कुणाचाच न्हाई.”

खरे होते. सात महिने आम्ही बरण्या धूत होतो आणि चुन्याची डबी बाबांच्या खिशात जागच्या जागी होती. बाबांना बोलण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणातच नव्हते. म्हणून सगळे धैर्य आम्ही तुपावर काढले.

घरी आल्यावर मी वाण्याची जुनी वही काढली. बाबांच्या दुखण्यापूर्वी आमच्या चौघांच्या घरात महिन्याला सात लिटर तेल लागत होते. सात लिटर म्हणजे सुमारे ६.४ किलो. चार माणसे, तीस दिवस असा भागाकार केला, तर माणशी दिवसाला ५३ ग्रॅम. शिवाय तूप वेगळे. पुढे २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी वरून घालायचे तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की एकूण उष्मांकांपैकी स्निग्धांचे ३० टक्क्यांच्या आत असावेत आणि त्यातही संपृक्ताचे १० टक्क्यांच्या आत. २००० उष्मांकांच्या हिशेबाने हे सारे मिळून सुमारे ६६ ग्रॅम होतात. त्यातला बराच भाग दूध, शेंगदाणे, डाळी, धान्य यांतून न दिसता येतो, म्हणून वरून घालायचे तेल एवढे थोडे. म्हणजे आम्ही पूर्वी खात होतो ते दुप्पट होते आणि नंतर खात होतो ते शून्य. डॉक्टरांचा ‘कमी’ हा शब्द या दोहोंच्या बरोबर मध्ये उभा होता. तिथे आम्ही थांबलोच नाही!

वही आजीला वाचून दाखवली तेव्हा ती हसली. म्हणाली, “सात लिटर? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो तवा पळीभर तेलात आठ माणसांचं कालवण व्हायचं.” मग तिने आपल्या माहेरचे शेत सांगितले. रब्बीच्या ज्वारीत करडईचे तास, बांधाला जवस, खरिपाला भुईमूग. घाण्यावरून करडईचे तेल यायचे ते सणापुरते. एरवी जवसाची चटणी, कारळाची चटणी, शेंगांचे कूट.

मला नंतर वाचनालयात एक गोष्ट सापडली. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना बिनस्निग्धाचा आहार दिला. त्यांची कातडी खवल्यासारखी झाली, वाढ खुंटली. काही स्निग्धाम्ले शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात, हे त्यावरून कळले. आज अशी दोन मुख्य मानतात. त्यांतले एक करडईत भरपूर आहे, तर दुसरे जवसात. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग तेच. आजीच्या माहेरच्या एका शेतात ती दोन्ही पिकत होती. हे तिला माहीत नव्हते आणि माहीत असण्याची गरजही नव्हती.

पण म्हणून ‘जुने ते सोने’ असे मी म्हणणार नाही. आजीच्या पिढीला बेत शिकवला तो गरिबीने. तेल नव्हतेच, म्हणून पळी होती. आपल्याकडे आता पाच लिटरचा कॅन सहज येतो आणि पळीची जागा थेट धारेने घेतली आहे. जे त्यांना टंचाईने शिकवले, ते आपल्याला शहाणपणाने शिकावे लागणार आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

आमच्या घरी मग महिन्याला साडेतीन लिटर ठरले. आलटून पालटून शेंगदाण्याचे आणि करडईचे. खारी बंद झाली, जवसाची चटणी आली. आजीच्या ताटात तूप परत आले. आईने चुकले असे कधी म्हटले नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नाही. पण त्या दिवसापासून आजीची भाकरी ती स्वतः कुस्करी आणि आपल्या हाताने तिच्यावर तुपाची पळी रिकामी करी. “बास गं, सुमन,” आजी म्हणे. “असू द्या, आत्या,” असे म्हणून आई अर्धी पळी आणखी घाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आजी गेली. ती म्हातारपणाने गेली, भुकेने नाही, एवढे समाधान आम्हाला आहे. ती थोडक्यात हुकले असते, ही टोचणीही आहे.

बाबांची तंबाखू सुटली, असे लिहून हा लेख संपवायचा माझा विचार होता. पण ती सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली आहे. आता मात्र आम्ही बोलतो. रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाते. डॉक्टरांची तीनही वाक्ये आमच्या घराने अखेर ऐकली. अडीच वर्षे लागली, एवढेच.

आपल्याकडे म्हण आहे, ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी.’ म्हण ठसकेबाज आहे, पण तिच्यात मधली जागाच नाही. आमच्या ओट्यावर आता तेलाच्या बरणीजवळ आजीची पितळेची पळी असते. आई तिनेच तेल मोजून घालते. फोडणीत मोहरी पुन्हा तडतडते, आणि तो आवाज आला की मला वाटते, तुपाशी आणि उपाशी यांच्या मधली जागा असलीच, तर ती एका पळीएवढी आहे.

— तृतीय वर्ष कला