सातपुड्याचा मोह

युरोपातील डोंगराळ प्रदेशांची वर्णने ज्यांनी वाचली असतील, त्यांना चेस्टनट या वृक्षाचे नाव अपरिचित नसेल. फ्रान्सच्या दक्षिणेकडील सेवेन पर्वतात, इटलीच्या अपेनाइन रांगेत आणि कोर्सिका बेटात जेथे गहू धड पिकत नाही, तेथील गरीब शेतकऱ्यांनी शतकानुशतके या झाडाची फळे वाळवून, दळून, त्यांच्या पिठावर हिवाळे काढले. म्हणूनच त्या लोकांत त्यास 'भाकरीचे झाड' म्हणत. परंतु त्या वृक्षासंबंधाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ती राने आपोआप वाढलेली नव्हेत. ती माणसांनी लावली, कलमे बांधून सुधारली आणि राखली. कोर्सिका बेटावर जिनोआच्या लोकांचा अंमल असता १५८४ साली असा हुकूम निघाला होता की, प्रत्येक जमीनधारकाने दरसाल निदान चार झाडे लावलीच पाहिजेत. आणि त्या झाडांत चेस्टनट हे एक होते. आज त्या बेटाच्या एका भागास चेस्टनटवरूनच नाव पडलेले आहे.

हे झाड आपल्याकडे लावता येईल काय, असा प्रश्न हौशी बागवानाच्या मनात सहज उभा राहतो. आणि वऱ्हाडात तसा विचार करावयाचा तर पहिली दृष्टी बुलढाण्याकडे वळणार. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच, अजिंठ्याच्या डोंगराच्या माथ्यावर वसलेले हे गाव वऱ्हाडच्या मानाने थंड खरे. परंतु चेस्टनटला कडक हिवाळा लागतो आणि चुनखडीची जमीन त्यास मुळीच मानवत नाही. आपल्या काळ्या जमिनीत तर हातभर खणले की चुनखडीचे खडे लागतात. शिवाय वैशाखाचे ऊन आहेच. तेव्हा त्या परक्या पाहुण्याचा नाद सोडून, आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर जे भाकरीचे झाड उभे आहे, त्याच्या दर्शनास वाचकांनी आमच्याबरोबर चलावे, अशी विनंती आहे. ते झाड म्हणजे मोह.

बुलढाणे जिल्ह्याचे निसर्गतःच तीन पट्टे पडले आहेत. दक्षिणेस घाटावरचा मुलूख: यात चिखली, मेहकर, लोणार आणि जिजाऊमातेच्या जन्माने पावन झालेले सिंदखेड राजा ही गावे येतात. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आले की पायनघाट लागतो. मलकापूर, नांदुरे, शेगाव, खामगाव ही रेल्वेच्या आश्रयाने वाढलेली कापसाची पेठगावे याच पट्ट्यातील. नांदुऱ्याहून उत्तरेस निघून पूर्णा ओलांडली की दृष्टीसमोर सपाट काळे रान पसरते. विहिरीचे पाणी येथे ठिकठिकाणी मचूळ, म्हणून लोक या भागास खारपाणपट्टा म्हणतात. आणि मग एकाएकी क्षितिजावर निळी रेघ उमटते व पाहता पाहता तिचा डोंगर होतो. तो सातपुडा. त्याच्या पायथ्याशी जळगाव-जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके आहेत. खानदेशच्या जळगावाहून निराळे ओळखू यावे म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव या जळगावास जोडलेले आहे.

येथून पुढे जमिनीचा रंग पालटतो. काळी माती संपून मुरूम, गोटे आणि तांबूस बरड सुरू होते. साग, सालई, धावडा, टेंभुर्णी अशी पानझडीची झाडे दिसू लागतात, आणि त्यांत मधूनमधून घेरदार माथ्याचा, काळपट सालीचा, एखाद्या वडीलधाऱ्यासारखा मोह उभा असतो. तो जंगलात आहे, तसाच शेताच्या मध्यावरही आहे. कारण रान तोडून शेत करताना बाकीच्या झाडांवर कुऱ्हाड चालली, तरी मोहावर ती पडली नाही. चिकू, बकुळ आणि खिरणी ही मोहाची भावंडे, एकाच कुळातील. फाल्गुनात त्याची पाने झडतात, फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे झुपके धरतात, आणि पुढे तांबूस कोवळी पालवी फुटते. पिवळसर पांढरी, मांसल, द्राक्षासारखी टपोरी फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात.

हा हंगाम चैत्राच्या मागेपुढे तीन-चार आठवडे चालतो. तेवढ्या दिवसांत पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतील कोरकू, भिल्ल, निहाल कुटुंबे तांबडे फुटण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. उशीर करून चालत नाही. ऊन चढले की फुले कोमेजतात, आणि गुरेढोरे, हरणे व अस्वले हीही या मेजवानीची मानकरी असतात. अस्वलास तर हे फूल अतिशय प्रिय. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्याच्या भोवती पहाटेच्या अंधारात फुले वेचणाऱ्याची आणि अस्वलाची गाठ पडणे ही काल्पनिक भीती नव्हे. तरीही बाया येतात, मुलांनाही आणतात. कारण या चार आठवड्यांच्या वेचणीवर पुढील चार महिन्यांचे मीठमिरची अवलंबून असते.

येथे निहाल लोकांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांची निहाली भाषा ही भारतातील एक अद्भुत वस्तू आहे. कोरकू भाषेचे नाते छोटा नागपुराकडील मुंडारी-संताळीशी जुळते. परंतु निहालीचे नाते मराठी-हिंदीशी, तेलुगु-तामिळशी वा मुंडा भाषांशी, कोणाशीच निश्चित जुळत नाही असे भाषापंडित सांगतात. ती बोलणारे जेमतेम काही हजार लोक जळगाव-जामोदच्या आसपास राहतात. ज्या डोंगराच्या कुशीत असे प्राचीन बोल टिकून राहिले, त्याच कुशीत त्या बोलणाऱ्यांचे अन्नही टिकले पाहिजे, हे उघड आहे.

मोहाचे अन्न म्हणजे काय, हे आपल्या घरांत फारसे ठाऊक नसते. ताजी फुले गोड पण किंचित उग्र वासाची असतात. ती तीन-चार दिवस उन्हात वाळविली म्हणजे मनुकांसारखी तपकिरी व सुरकुतलेली होतात. अशा वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. ती कुटून आतील केसर काढतात, धुऊन शिजवितात, आणि वाटून ज्वारीच्या पिठात मळून भाकरी करतात. किंवा भाजून तिळांबरोबर कुटतात. पुढे जेष्ठ-आषाढात फळे पिकतात. त्यांतील बीस टोळंबी म्हणतात. तिच्या गरात सुमारे निम्मे तेल निघते. थंडीत ते तुपासारखे थिजते, आणि स्वयंपाकास, दिव्यास व साबणास उपयोगी पडते. पेंड मात्र गुरांस घालीत नाहीत, कारण ती विषारी असते. तिचे खत करतात. १८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला असता मोहाच्या फुलांनी हजारो गरिबांचा जीव वाचविला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चेस्टनटने कोर्सिकेत जे केले, तेच मोहाने मध्य हिंदुस्थानात केले.

असे असता आपल्या पांढरपेशा घरांत मोहाचे नाव निघाले की भुवया उंचावतात. मोह म्हणजे दारू, एवढेच समीकरण आपण पाठ केले आहे. दारू त्यापासून होते हे खरे. तिने कित्येक संसार धुळीस मिळविले हेही खरे. परंतु दारू गुळापासूनही होते, द्राक्षापासूनही होते. म्हणून कोणी उसाचा फड वा द्राक्षाचा मांडव वाईट म्हणत नाही. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही या फुलांचा समावेश झाला. आणि फुले साठविणे व वाहून नेणे यांवरील बंधने महाराष्ट्र शासनाने सैल केली ती थेट २०२१ साली. इतकी वर्षे एका झाडाचे अन्न संशयिताप्रमाणे वागविले गेले. आपल्या पूर्वजांची दृष्टी मात्र अशी नव्हती. कालिदासाने स्वयंवरास आलेल्या इंदुमतीच्या हाती वरमाला दिली ती दूर्वांनी गुंफलेल्या मधूकपुष्पांची. आणि विवाहसमयी पार्वतीच्या केशपाशातही मधूकाचीच माळ घातली. मधूक म्हणजेच मोह. जे फूल पार्वतीच्या विवाहात मंगल होते, ते आपल्या माजघरात अमंगल का व्हावे, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी जो डोळसपणे हिंडेल, त्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसून येईल. म्हातारे मोह पुष्कळ आहेत. परंतु कमरेएवढे, पुरुषभर उंचीचे, नुकते फुलू लागलेले असे तरुण मोह शोधूनही क्वचितच सापडतात. आजोबा आहेत, पण नातू नाहीत. एखाद्या घराण्याविषयी असे ऐकले तर आपण हळहळतो. येथे सबंध वृक्षकुळाचीच ती अवस्था होऊ पाहत आहे. याची कारणे गूढ नाहीत. फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा फाल्गुनात पेटवून देतात. त्या आगीत गेल्या पावसाळ्याची रोपे जळून जातात, आणि तीच आग पुढे पसरून डोंगरही जाळते. जे बी पडते ते तेलासाठी वेचले जाते. चुकून एखादे रुजलेच तर शेळी ते खुडते. आणि शेवटचे कारण असे की मोह कोणी लावीतच नाही. तो राखला गेला, लावला गेला नाही. चेस्टनटच्या आणि मोहाच्या नशिबात अंतर पडले ते नेमके येथे.

यात पायथ्याच्या लोकांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याने बारा वर्षांनी फुलणारे झाड लावावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? २००६ च्या वनहक्क कायद्याने वनातील अशा गौण उपजाचा हक्क त्यांस दिला, ही गोष्ट चांगलीच झाली. हक्क असला म्हणजे राखण्याची बुद्धीही होते. परंतु लावण्याचे काम ज्यांना वाट पाहणे परवडते, त्यांचे आहे. वऱ्हाडात ज्यांची वडिलोपार्जित चार-दहा एकर जमीन आहे, आणि जे शहरांतून राहून वर्षाकाठी एकदा हिशेबापुरते गावी जातात, अशी आपल्यातील घरे थोडी नाहीत. त्यांच्या बांधावर, ओढ्याकाठी, देवळाच्या आवारात दोन-चार मोहांना जागा निश्चित आहे.

लागवडीची रीत कठीण नाही. मात्र ती वेळेवर व्हावी लागते. टोळंबीची उगवणशक्ती फार थोडे दिवस टिकते, म्हणून पिकून पडलेली ताजी फळे आणून, गर धुऊन, आठवड्याच्या आतच बी पेरावे. चेस्टनटचे बीही असेच वाळले की मरते. मोहाचे सोटमूळ प्रथमपासूनच खोल धावते. रोप उपटून दुसरीकडे लाविल्यास त्यास इजा होते. यास्तव बी जागच्या जागीच टोकणे उत्तम. रोप करावयाचेच तर उंच पिशवीत करून त्याच पावसाळ्यात हलवावे. उन्हाळ्यात दीड-दोन हात खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत, माती व शेणखत भरावे, आणि आषाढात प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल घालाव्यात. दोन झाडांत पंचवीस-तीस फुटांचे अंतर ठेवावे. पाणी साचणारी चिकण जमीन टाळावी. मुरमाड, निचऱ्याची बरड त्यास आवडते. पिकावर सावली पडते ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. म्हणून शेताच्या मधोमध न लाविता उत्तरेच्या बांधावर लावावे.

पहिली तीन वर्षे काट्यांचे कुंपण, बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन, आणि निदान दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा घागरभर पाणी, एवढे मिळाले की पुढे झाड कोणाचे काही मागत नाही. मोठ्या झाडावर बांडगूळ फार माजते. ते दिसताच फांदीसकट कापून टाकावे. ज्यांना दहा-पंधरा वर्षे थांबणे जड वाटते त्यांच्याकरिता कलमेही निघाली आहेत. गुजरातेत गोध्र्याजवळच्या सरकारी फळबाग-केंद्राने 'थार मधु' नावाची जातही निवडून काढली आहे. आणि फुले वेचण्यासाठी आग लावण्याचे कारणच उरू नये म्हणून झाडाखाली जाळी किंवा चार जुनी लुगडी शिवून पसरावीत. फुले स्वच्छ मिळतात, रोपे वाचतात, पाचोळ्याचे खतही होते. घरोघरच्या जुन्या लुगड्यांस यापेक्षा चांगली गती कोणती?

याच जळगाव-जामोद तालुक्यात पूर्णेकाठी भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय्य तृतीयेस तेथे शेतात घट मांडून, भोवती अठरा धान्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पीकपाण्याचे भाकीत करतात, आणि ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात. त्या भाकितावर कोणाचा विश्वास असो वा नसो, येते वर्ष कसे जाईल ही चिंता मात्र सर्वांची खरी असते. एका वर्षाची चिंता करणारे आपण पन्नास वर्षांची चिंता करावयास शिकलो, तर मोहाच्या बाबतीत भाकिताची गरज पडणार नाही. आपल्या आजोबांनी आमराया लाविल्या, त्यांचे आंबे आपण खाल्ले. यंदाच्या आषाढात गावी जाणे झाले, तर ओंजळभर ताज्या टोळंब्या मिळवून बांधावर टोकाव्यात, आणि फुलतील तेव्हा ज्यांची टोपली रिकामी असेल त्यांस खुशाल वेचू द्यावे.