एकशे अठ्ठावीस आवाज आणि आजोबांची पेटी

माझ्या कीबोर्डला आवाज नाही. बिघडलेला नाही हो, तो तसाच असतो! हॉस्टेलवर जी कोणी नवीन येते ती दोन-चार पट्ट्या दाबून बघते आणि सहानुभूतीने मला सांगते, "अगं, हा बंद पडलाय." त्याला मिडी कंट्रोलर म्हणतात. ४९ पट्ट्या, आठ नॉब, आठ रबरी पॅड आणि एक यूएसबी वायर. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला फक्त निरोप देतो, की अमुक नंबरची पट्टी इतक्या जोरात दाबली. आवाज काढायचं काम लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचं. घेतला होता कॉलेजच्या बँडसाठी, पण सुट्टीत घरी नेला तेव्हापासून तो माझ्यापेक्षा आजोबाच जास्त वाजवतात.

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मी अजून अडखळते. आणि या लेखात आकडे बरेच आहेत.

१९८३ म्हटलं की आपल्याला कपिलदेव आठवतो. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, वायरने जोडून दाखवले. एकावर वाजवलं की दुसरा वाजायचा. ही मिडीची सुरुवात. तिच्यासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आवाज बदलण्याच्या निरोपाला 'प्रोग्राम चेंज' म्हणतात. दोनच बाइट. पहिला सांगतो कोणत्या चॅनेलवर, दुसरा सांगतो कितवा आवाज. जुन्या पाच पिनांच्या वायरवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात, स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटचे दहा. म्हणजे आवाज बदलायला ०.६४ मिलिसेकंद! दुसऱ्या बाइटमध्ये नंबरासाठी सातच बिट असतात, म्हणून ० ते १२७. त्याहून जास्त आवाज हवे असतील तर आधी 'बँक सिलेक्ट' पाठवून कपाट निवडायचं, मग नंबर.

१९९१ मध्ये या १२८ जागांची 'जनरल मिडी' नावाची ठरलेली यादी झाली. सतार १०५, तिच्या शेजारी १०६ वर बँजो. यादी १ पासून मोजते आणि वायरवरचा बाइट ० पासून, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये १०५ टाकून सतार मागितली की बँजो येतो. आमचं घर मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून फार लांब नाही. तिथे हा विनोद सांगितला तर कोणी हसणार नाही. या यादीत हेलिकॉप्टर आहे (१२६), टाळ्या आहेत (१२७), बंदुकीची गोळीसुद्धा आहे (१२८). सनई आहे, ११२ वर. पेटी मात्र नाही.

आणि आजोबा पेटीवाले. दिवसा एसटी, रात्री भजन, असं त्यांचं आयुष्य गेलं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, डावा हात नाही सावरला. पेटीला दोन हात लागतात, एक सुरांना आणि एक हवेला. उजव्या हाताला सगळं आठवत होतं, पण भाता मारणार कोण? शेजारचा एक मुलगा चार दिवस भाता मारायला बसला. पण दुसऱ्याच्या श्वासावर गाता येत नाही, असं म्हणून आजोबांनीच पेटीवर अभ्रा घातला. भजनी मंडळाकडे जाणंही बंद केलं.

कंट्रोलरला भाता लागत नाही. एवढंच माझ्या डोक्यात आलं होतं. पहिल्यांदा मी २१ नंबर दिला, रीड ऑर्गन. आजोबा म्हणाले, "हे तुझ्या शाळेतल्या चर्चचं." २२, अ‍ॅकॉर्डियन. "हा राज कपूर." मग सरळ त्यांचीच पेटी रेकॉर्ड करायला घेतली. मे महिना, पंखा बंद, कुकर बंद, आजी माळ्यावरून आणलेल्या पुठ्ठ्याने वारा घालतेय. भाता मी मारला, पट्ट्या त्यांनी दाबल्या. दर तिसरी पट्टी, खर्ज वेगळा, नर वेगळा. मग ते सूर पॉलिफोन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बसवले आणि वेगळ्या बँकेत ठेवले.

आवाज जमला, पण अडचण पुढेच होती. प्रीसेट म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक प्रीसेट लॅपटॉपमधला, म्हणजे आवाज. दुसरा कंट्रोलरच्या पोटातला. कोणता पॅड कोणता नंबर पाठवेल, कोणत्या चॅनेलवर, पट्टी जोरात दाबली तर काय, हे सगळं त्यात. पियानोची पट्टी जोरात मारली की आवाज मोठा होतो, पेटीची होत नाही. म्हणून दाबण्याचा जोर मी एकाच आकड्यावर बांधून टाकला. आवाज बदलायला चार पॅड ठेवले. आजोबांनी एकदा वाजवून बघितलं आणि म्हणाले, "पॅड दाबायला हात उचलला की सूर तुटतो. दुसरा हात असता तर पेटीच वाजवली नसती का?"

मुद्दा बरोबर होता. मग पायथनमध्ये पंचवीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. सस्टेन पेडल दाबलं की तो निरोप मध्येच अडवायचा आणि त्याऐवजी पुढचा प्रोग्राम चेंज पाठवायचा. माझं सॉफ्टवेअर धरलेला सूर जुन्याच आवाजात संपवतं, नवा आवाज पुढच्या सुरापासून लागतो, त्यामुळे सांधा कळत नाही. पण पाय फक्त 'पुढे' एवढंच सांगू शकतो. मग वाद्यांच्या प्रकाराप्रमाणे लावलेली माझी छान यादी काय कामाची? भजनाच्या क्रमाने लावायला हवी. नामजपाला नुसता नर, रूपाच्या अभंगाला खर्ज-नर दोन्ही, नाट्यपदाच्या वळणाच्या अभंगाला पायपेटी, गौळणीला बासरी आणि भैरवीला परत खर्ज-नर. एकच आवाज दोन जागी साठवला, तर आमच्या डीबीएमएसच्या मॅडम त्याला रिडंडन्सी म्हणतील. पण पायाला मागे जाता येत नाही! बासरी ही आजोबांचीच हौस, "कृष्णाची गौळण आहे, लाव चौऱ्याहत्तर." मी बोटांवर मोजून लावली.

पाचव्यानंतर परत पहिला, अशी यादी गोल ठेवली होती. कार्तिकी एकादशीला तिचाच उपयोग झाला. गौळण संपल्यावर बुवांनी भैरवी न घेता एक जादा अभंग उचलला. आजोबांनी शांतपणे तीनदा पेडल दाबलं, अभंगाच्या आवाजावर आले आणि कोणाला काही कळलंही नाही. मी स्पीकरमागे लॅपटॉप धरून बसले होते, माझेच हात गार पडले होते. दोन वर्षांनी ते मंडळात बसले होते.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. आवाज एकाच पातळीचा निघतो. भात्यावर हात हलका-जड करून ते ओळ जशी उचलायचे, ते यात नाही. मागच्या रविवारी त्यांनीच फोन केला. "पायाने आवाज बदलतो, मग भाता का नाही मारता येणार? पायपेटीला असतोच की." येईल की! एक्स्प्रेशन पेडल म्हणून मिळतं, कंट्रोलर नंबर ११, आणि कीबोर्डच्या मागे त्याची जागा रिकामीच आहे. मी म्हटलं, "आजोबा, पण मग दोन पेडल होतील आणि तुमचा एकच पाय भरवशाचा. जमेल का?"

"बत्तीस वर्षं एसटी चालवली," ते म्हणाले. "ब्रेक आणि एक्सलेटर एकाच पायाने दाबतात, बाळ."