दिला-घेतला मुलूख

वऱ्हाडचा इतिहास वाचायला बसलं की मला तलवारींपेक्षा शिक्के जास्त दिसतात. हा मुलूख जिंकला गेला तसा वारंवार दिलाही गेला. कुणी दुसरं काही वाचवण्यासाठी तो देऊन टाकला, कुणी हरल्यावर सोडला, कुणी कर्जापोटी लावून दिला. देणारे नगरचे, नागपूरचे, हैदराबादचे. ज्या काळ्या मातीत पऱ्हाटी उभी होती, तिथल्या माणसाला मात्र आपण कुणाचे झालो हे नवा वसूलदार दारात आल्यावरच कळत असणार.

अहमदनगरच्या किल्ल्याला पडलेलं खिंडार चांदबिबीनं रातोरात बुजवून घेतलं, ही गोष्ट आम्ही शाळेत तोंडाचा आ करून ऐकली होती. त्या वेढ्याचा शेवट १५९६ च्या तहात झाला, आणि त्या तहात अकबराच्या पदरात काय पडलं, तिथं गुरुजी थांबले नाहीत. वऱ्हाड पडला. अचलपूरची इमादशाही बुडवून निजामशाहीनं तो १५७४ मध्ये घेतला होता. पुरती पंचवीस वर्षंही झाली नाहीत तोच नगर राखायला तो देऊन टाकला. चांदबिबीला मी दोष देत नाही. घर जळायला लागलं की हाताशी येईल ते माणूस बाहेर फेकतो. पण फेकलेल्या वस्तूच्या बाजूनं ही गोष्ट कुणी सांगितली आहे का, असं मनात येतंच.

अंजनगाव सुर्जीच्या रस्त्याला लागलं की पानमळे येतात. आत शिरताना जुनी माणसं पायताण बाहेर काढतात. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत हिरवा, ओलसर अंधार. या गावाचं नाव हिंदुस्थानच्या इतिहासात आहे ते पानांमुळे नव्हे. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अकोटकडच्या अडगावला इंग्रजांपुढे मराठी फौजा मोडल्या. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो इंग्रजांनी हैदराबादच्या निजामाला दिला. आणि ३० डिसेंबरला, इथं सुर्जी अंजनगावात, दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेच्या दुआबावर आणि दिल्ली-आग्र्यावर पाणी सोडलं. दिल्ली हातची गेली ती वऱ्हाडातल्या एका गावात! त्या थंडीत गावकरी काय करत असतील? कापूस वेचत असतील, हरभऱ्याची राखण करत असतील. छावणीची घोडी उभ्या पिकात शिरू नयेत एवढीच त्यांची चिंता असेल.

पुढचा कागद सगळ्यांत सभ्य. निजामाला इंग्रजांच्या हाताखालची एक फौज पोसावी लागे, आणि तिचं देणं थकत गेलं होतं. १८५३ च्या तहात त्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब कंपनीकडे लावून दिला गेला. मालकी निजामाची, वहिवाट साहेबाची. १८६० मध्ये कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेले, वऱ्हाड राहिला. पाठोपाठ अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि खामगाव-अमरावतीच्या बाजारांकडे साऱ्यांचे डोळे लागले. असा प्रांत कोण परत करतो? निजामाचे दिवाण सालारजंग यांनी तो परत मिळवायला जिवाचं रान केलं, पण उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून तो कायमच्या मक्त्यानं लिहून घेतला, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर. आमच्याकडे मक्त्यानं वावर देणारा निदान पाडव्याला नवा सौदा तरी करतो. इथं पाडवाच मोडीत निघाला. पुढल्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'वऱ्हाडचा युवराज' ही पदवी मिळाली. मुलूख गेला तो गेलाच; नाव तेवढं पोराच्या अंगावर घालायला मिळालं.

हे सारं दूरचं वाटतं, पण सहीची ही रीत घरात शिरलेली आहे. माझ्या आत्यानं हक्कसोड करून दिलं तेव्हा मी तिच्याबरोबर कचेरीत होते. बाकावर भाऊ, भाचे, अर्जनवीस; तिच्या मांडीवर नवं लुगडं, पिशवीतून काठ दिसणारं. कारकुनानं विचारलं, "राजीखुशीनं देता ना?" तिनं मान हलवली आणि अंगठ्याऐवजी हट्टानं सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षराला वेळ देत. परतताना मी फणफणत होते. ती म्हणाली, "वावराचं काय घेऊन बसली व पोरी, माहेरची वाट त मोकळी राह्यली ना." तिचा हिशेब चांदबिबीचाच होता: एक राखायचं तर दुसरं सोडायचं. बरोबरीच्या वाट्याचा कायदा २००५ मध्येच पक्का झाला होता. पण कायदा वाटा देतो, दिवाळीला न्यायला येणारा भाऊ देत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

त्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे. तिथं १८७६ मध्ये परटाच्या घरी डेबूजी जन्मला आणि अकोल्याकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. मामाचं वावर सावकाराच्या कागदात अडकून गेलं, हे त्या पोरानं डोळ्यांदेखत पाहिलं. १९०५ मध्ये त्यानं घर सोडलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या, पण घरच्यांना त्यांवर हक्क सांगू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ना हार झाली होती, ना कर्ज होतं, ना कुणाची नाराजी टाळायची होती. ठेवता आलं असतं, आणि दिलं.

या देण्यांची मी मनाशी प्रतवारी लावते. तहवाल्यांनी दिला तो कुणब्याच्या घामाचा मुलूख. आपलं म्हणावं असं त्यात त्यांचं थोडंच होतं. आत्यानं आपलं दिलं, पण ते आपलं म्हणून तिच्या हाती एक दिवसही आलं नव्हतं. गाडगेबाबांनी हाती आलेलं, मुठीत बसलेलं दिलं, आणि दान म्हणावं ते मला एवढंच वाटतं. बाकीच्या कागदांवर राजीखुशी लिहिलेली असते; ती किती खरी, हे सही घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

माझ्याही सहीची वेळ आता फार लांब नाही. भाऊ भला आहे, मागायला तो लाजेल, म्हणून दुसरं कुणीतरी विषय काढेल. तेव्हा मी म्हणणार आहे, आधी उताऱ्यावर माझं नाव चढू द्या. दोन पावसाळे त्या वावराचा शेतसारा मला भरू द्या, बांधावर उभं राहून पऱ्हाटी किती फुटली ते मोजू द्या. मग कदाचित देईनही, राजीखुशीनं.