उटीची एक दुपार

मैत्रिणींनो, आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडची उटीची सहल कशी असते, ठाऊक आहे ना? कल्याणला कोइमतूरची गाडी धरायची, दोन रात्री काढायच्या, मेट्टुपाळयमला छोट्या दातेरी रुळांच्या गाडीत बसायचं; मग तळं, बाग, निलगिरीचं तेल आणि चॉकलेटं! चॉकलेटं आता डोंबिवली स्टेशनबाहेरही मिळतात. पण उटीत आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची विश्वकिरण प्रयोगशाळा आहे, तिचं नाव सहलवाल्यांच्या यादीत सहसा नसतं.

आकाशातून अतिवेगवान कण सतत येत असतात. हवेवर आपटून ते फुटतात, तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात आणि खाली सडा पडतो. हवेत तो विरत जातो, म्हणून उंच जागा हवी. उटीची ही जागा २२०० मीटरवर आहे. तिथे २५ हजार चौरस मीटरात सुमारे चारशे यंत्रं हा सडा टिपतात. त्यातले म्यूऑन नावाचे कण तर डोंबिवलीपर्यंत पोचतात. तळहात आडवा धरलात, तर सेकंदाला जवळजवळ एक आरपार जातो. घाबरू नका, जन्मल्यापासून जातोच आहे!

गंमत पुढेच आहे. हे कण विद्युतभारित, त्यामुळे वाटेतल्या चुंबकशक्तीने वळतात आणि कुठून निघाले ते कळत नाही. गॅमा किरण मात्र सरळ येतात, म्हणजे पत्ता सांगतात. पण सडा दोघांचाही पडतो! मग तांदळातले खडे निवडावेत तशी निवड करावी लागते. गॅमाच्या सड्यात म्यूऑन फार थोडे. ते मोजायला काँक्रीटच्या जाड थराखाली सहा-सहा मीटरच्या ३७१२ पोलादी नळ्या मांडल्या आहेत. त्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या जुन्या प्रयोगाच्या. टाकून न देता इथे लावल्या. हा काटकसरीपणा मला फार आवडला.

याच नळ्यांनी १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्यूऑन कमी झाल्याचं टिपलं. त्यावरून ढगात १३० कोटी व्होल्टचा दाब होता, असा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घरात २३०!

आणि हे पुरुषांचंच काम, असं समजू नका हं. १९४९ साली बिभा चौधरी या संस्थेत पहिल्या स्त्री संशोधक म्हणून आल्या, त्यांचा विषय विश्वकिरणच.

तेव्हा मुलांसाठी एक दुपार राखून ठेवा. आधी पत्र लिहून परवानगी मिळते का ते विचारा, आणि स्वेटर घ्यायला विसरू नका.